अज्ञात तेवीस

करारनाम्याच्या दुसऱ्या पानावर विक्रेतीचं नाव होतं:
वत्सला माधव शेणॉय, तळमजला, सेक्टर तीन, ऐरोली.
सही बारीक, डावीकडे झुकलेली.
एवढीच ओळख. त्या पुत्तूरला गेल्या, मुलीकडे,
मागे एक गंजकी झारी
आणि खिडकीखाली साडेतीन हात माती.

मी त्यात काही पेरलं नव्हतं.
फिल्टरचं वाया जाणारं पाणी ओतत राहिलो, बस.
अकराव्या दिवशी माती फुटली.

एकतीस वर्षं मी ठाणे-बेलापूर रोडवर
रंगाच्या कारखान्यात नमुन्याच्या बाटल्यांना लेबलं लावली.
नाव, बॅच, तारीख, मुदत.
बिननावाची बाटली दिसली
की वाससुद्धा घ्यायचा नाही,
सरळ लाल डब्यात.
आणि इथे पायाशी चाळीसेक बिननावाचे,
दोन-दोन पानं वर करून,
हजेरी घ्या म्हणत.

आइस्क्रीमच्या काड्या धुतल्या.
अज्ञात एक. अज्ञात दोन.
अज्ञात नऊला कातरलेली, झालरीसारखी पानं आली.
शेवंतीच असणार.
तिला चहाचा चोथा घातला, कांद्याच्या सालींचं पाणी,
दुपारच्या उन्हात जुनी छत्री.

करवंदं विकायला येणाऱ्या मथुराबाई मढवी
कुंपणाशी टोपली टेकवून बघत राहिल्या.
"छत्री कोनाला धरलीस रं? यो तं गाजरगवात."
आधी काडी उपटली, मग झाड.
हाताला दोन दिवस खाज.

नंतर त्यांनीच शिकवलं.
नाव विचारायच्या आधी पान चुरड, वास घे.
ज्या नियमावर मी पोट भरलं
त्याच्या नेमकं उलट.
टोमॅटो अंगावर लव घेऊनच जन्मतो.
मिरची गुळगुळीत, तिला अजून राग नाही.
तेरड्याचा देठ काचेचा, आतलं पाणी दिसतं.
माठाच्या पानाची पाठ जांभळी.
झेंडू बोटभर असतानाच
दसऱ्याचा वास देतो.
गुलबक्षी ओढून बघा, येत नाही,
खाली मुळी धरून बसलेली असते.

आणि लाल देठाची, जाड पानाची, बुळबुळीत:
मायाळू.
एक नाही, दोन नाही, सतरा रोपं.
भज्यांपुरती आम्हीही आणतो, पण इतकी कोण लावतं?
रोज खाणारं माणूस लावतं. नारळाच्या वाटणात.
खिडकीच्या गजांना जागोजाग सुतळीच्या गाठी का होत्या
ते तेव्हा कळलं.
रंगाऱ्याने त्या कापल्या होत्या,
मीच सांगितलं होतं.
वरची एक राहून गेली होती,
त्याचा हात पोचला नाही म्हणून.

रबाळ्याच्या नर्सरीवाला म्हणाला होता,
काका, सोपं हवं ना, हे घ्या, हे मरतच नाही.
ते आणलं. खरंच मरत नाही.
वाढतही नाही,
पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसून असतं.
मथुराबाईंची यादी वेगळी:
माठ लाव, गोकर्ण लाव, गवती चहा लाव,
घोळ नको लावू, ती यायचीच.

मार्गशीर्षात मायाळूची फळं पिकली,
बोटं शाईत बुडवल्यासारखी.
बिया वर्तमानपत्रावर वाळवल्या.
शेणॉयबाईंची बँकेची पत्रं अजून इथेच येतात,
त्यांच्यासोबत एक पुडी पुत्तूरला पाठवली.
सवयीने लेबल लावलं.
नाव: मायाळू. बॅच: खिडकीखालची.
तारीख घातली.
मुदतीच्या रकान्याशी पेन थांबलं,
तो तसाच सोडला.

उत्तर आलेलं नाही. मी वाट बघतो असंही नाही.
नवी सुतळी आणली आहे, वरच्या गाठीपासून खाली सोडायला.

अज्ञात तेवीस अजून उभा आहे, गुडघ्याएवढा.
त्याची काडी दोनदा बदलली.
मथुराबाईंनाही ओळखू येत नाही.
दोघांनी पान चुरडून बघितलं.
वास ओळखीचा आहे,
कशाचा, ते आठवत नाही.